तीन आठवड्यांत छंद कुठून आणू?

काका, नमस्कार.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, वय २७. पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. महिन्यातले चार दिवस पुण्याला जातो, बाकी सगळं काम घरूनच. टीममध्ये आम्ही नऊ जण. काही पुण्याचे, काही बंगळूरचे, दोघे पोलंडचे आणि एक धारवाडचा. दर शुक्रवारी साडेचारला अर्ध्या तासाचा गप्पांचा कॉल असतो. कामाचं अक्षर काढायचं नाही, हा नियम. मग गाडी छंदांवर येते. एक जण मॅरेथॉन पळतो. एकीच्या घरी कॉफी दळायची तीन यंत्रं आहेत. एक जण कीबोर्डची बटणं स्वतः सोल्डर करून बसवतो. पोलंडचा एक मधमाश्या पाळतो. माझी पाळी आली की मी म्हणतो, "नथिंग मच, मूव्हीज." आणि माइक बंद करतो.

परवा धारवाडच्या मित्रानं कन्नडमध्ये विचारलं, "निन्न हव्यास एनु?" शाळेत कन्नड होतं, अर्थ माहीत आहे, तरी क्षणभर दचकलोच. त्यालाही काही सांगता आलं नाही.

आता आमच्या लीडनं ठरवलंय की प्रत्येकानं आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं, जमलं तर करूनही दाखवायचं. माझा नंबर तिसऱ्या शुक्रवारी आहे. बारा हजारांची एक गिटार बघून ठेवली आहे. तीन आठवड्यांत निदान एक गाणं बसेल का? की दुसरं काही सोपं सुचवाल? तसा मला वेळ कमीच मिळतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी देवळात भजन असतं, आजोबांच्या मागं पखवाज माझ्याकडं आलाय, आणि एकादशीला तर घरी यायला बारा वाजतात. त्यामुळं छंद असा लावून घ्यायला जमलंच नाही. सल्ला द्यावा.

– तुमचा एक वाचक, येळ्ळूर

*

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना गिटारचीच काळजी वाटली. दुसऱ्यांदा शेवटच्या चार ओळींवर आलो आणि इतक्या मोठ्यानं हसलो की आतून बायको विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगं पखवाज वाजवतंय की! आणि छंद नाही म्हणून रडतंय होय?"

माझा सल्ला तिनंच देऊन टाकला, खरं सदराची जागा भरायची आहे आणि मलाही थोडं बोलायचं आहे.

आधी गिटारचा निकाल लावू. घेऊ नकोस. तीन आठवड्यांत बोटांची टोकं सोलवटतील, एखादं गाणं अडखळत बसेल, आणि त्या शुक्रवारी तू आठ जणांसमोर ज्यात सगळ्यात कच्चा आहेस तेच वाजवून दाखवशील. पुढं कधी मनापासून वाटलं तर जरूर घे. दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू मात्र कॉल संपला की कपाटावर जाते. माझ्या कपाटावर एक कॅमेरा आहे, म्हणून सांगतो.

आता मला पडलेला प्रश्न. ज्या पोराच्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी पखवाजावर जातात, त्याला आपल्याला छंद नाही असं का वाटावं? मला वाटतं घोळ त्या शब्दातच आहे. आपल्याकडं 'छंद' हा शब्द लग्नाच्या बायोडेटात येतो. उंची, रास, नाड, मग छंद: वाचन, संगीत, प्रवास. त्या रकान्यात कुणी "देवळात पखवाज" लिहीत नाही. ते घरचं असतं, आजोबांचं असतं, कुणी तरी करायचंच असतं म्हणून आपण करतो. छंद म्हणजे बाहेरून आणायची, पैसे मोजून घ्यायची, इंग्रजीत सांगता येण्यासारखी गोष्ट, असं आपण धरून चाललोय. आणि गंमत बघ, वारकऱ्यांच्या तोंडी हाच शब्द किती जुना आहे! नामाचा छंद, विठ्ठलाचा छंद. तू ज्या मंडळींत बसतोस त्यांचाच शब्द घेऊन तू त्यांनाच त्यातून वगळलंस.

मी तुला नावं ठेवत नाही. मी यापेक्षा वाईट केलं आहे. १९९४ साली पुण्याच्या नोकरीतून पहिल्यांदा परदेशी क्लायंटकडं गेलो होतो. जेवायच्या टेबलावर एकानं विचारलं, कामाबाहेर काय करता? मी बायोडेटा म्हणून दाखवला: रीडिंग, म्युझिक, ट्रॅव्हलिंग. त्यानं आपुलकीनं पुढं विचारलं, सध्या काय वाचताय? मी शेवटचं जे वाचलं होतं ते डेटाबेसचं मॅन्युअल. पुढची पाच मिनिटं मी सूप ढवळत बसलो. त्याच्या मागं भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं, चार मिनिटं मागं. माझं सगळं लक्ष तिकडं. लंबकाखालची चक्री अर्धा फेरा वर चढवली की लंबक आखूड होतो, घड्याळ पळायला लागतं. चौदाव्या वर्षापासून बेळगावच्या खडे बाजारात मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसून हेच शिकलो होतो. टेबलावर मात्र त्यातलं एक वाक्य तोंडातून फुटलं नाही. मामाचं दुकान हा छंद आहे, हे कुणी मला सांगितलंच नव्हतं.

बेळगावात असे लोक गल्लोगल्ली आहेत. उद्यमबागेत दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस शिवजयंती जवळ आली की रात्र रात्र जागून चित्ररथातल्या घोड्याची मान हलवायची यंत्रणा बसवतो. त्याला छंद विचार, तो म्हणेल, "कुठला छंद बा, वेळ कुठाय?" दिवाळीत दारात किल्ला करणारी मोठी माणसं बघ. पोरांसाठी म्हणून सुरू करतात आणि पोरं झोपली तरी तटबंदीला माती लिंपत बसलेली असतात. रविवारी पहाटे तुझ्याच गावावरून राजहंसगडावर सायकलीनं चढणारे दिसतात ना? त्यातल्या निम्म्यांना विचारलंस तर म्हणतील, डॉक्टरनं सांगितलंय.

धारवाडच्या मित्राच्या प्रश्नाला तू दचकलास हे मला फार आवडलं. कन्नडमध्ये हव्यास म्हणजे साधा छंद. मराठीत आला की तोच शब्द हावरा होतो. आपण सीमेवरचे लोक दोन्ही अर्थ खिशात घेऊन फिरतो, आणि मला तर वाटतं दोन्हींची गरज आहे. कॉफी दळायचं पहिलं यंत्र कन्नड हव्यास. तिसरं यंत्र कुठल्या भाषेतलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. (हे त्या बाईंना सांगू नकोस. तीन यंत्रांत फरक असेलही, मला कळत नाही.)

पत्रात तू लिहिलेलं नाहीस, तरी मला वास येतोय की आणखी एक गोष्ट अडते आहे. भजन म्हटलं की हे लोक काय म्हणतील? देवभोळा म्हणतील, म्हातारा म्हणतील. मॅरेथॉन, कीबोर्ड, आणि त्यात मी टाळ-मृदंग. यावर तुला एक नाव सांगतो, तुझ्या टीममध्ये सगळ्यांना ठाऊक असणारं. डोनाल्ड क्नूथ. अल्गोरिदमच्या अभ्यासात ज्यांच्या ग्रंथांसमोर लोक हात जोडतात ते. या गृहस्थांनी घरात पाइप ऑर्गन बसवून घेतला आहे. चर्चमधलं संगीत हे त्यांचं आयुष्यभराचं वेड. बायबलमधल्या एका ग्रंथावर त्यांनी ऑर्गनसाठी मोठी रचना केली, आणि ती पहिल्यांदा वाजली २०१८ साली, स्वीडनमध्ये, त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला. त्यांना कुणी देवभोळे म्हटल्याचं ऐकलं नाही. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक बराच आहे, मान्य. पण संध्याकाळचं ठिकाण एकाच जातीचं आहे.

तर दहा मिनिटांत करायचं काय?

"भारतीय भक्तिसंगीताची परंपरा" असल्या मथळ्याची स्लाइड केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तेराव्या शतकापासून सुरुवात केलीस की तिसऱ्या मिनिटाला सगळे ईमेल बघायला लागतील. कणकेपासून सुरू कर. पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ती कायमची. डाव्या तोंडावर मात्र वाजवायच्या आधी ओली कणीक थापायची, आणि वाजवून झालं की खरवडून काढायची, नाहीतर वाळून तडकते. कणीक जास्त झाली तर आवाज खाली बसतो, कमी झाली तर पोकळ वाजतो. किती घ्यायची याला माप नाही. बोटानं दाबायची, थाप मारून ऐकायची, चिमूटभर काढायची, पुन्हा ऐकायची. हे तू नेहमी करतोस, म्हणून तुला त्यात विशेष वाटत नाही. पोलंडमधल्या माणसासाठी ही आठवड्यातली सगळ्यात नवलाची बातमी आहे. कॅमेऱ्यासमोर परात घेऊन बस आणि थापून दाखव. इंग्रजी अडलं तर "माय ड्रम ईट्स डो" एवढं म्हण, बाकी हात सांगतील.

मग तिहाई, म्हणजे तेच बोल तीनदा वाजवून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. इथं तुझी खरी बाजू आहे, कारण समोर बसलेले आठही जण प्रोग्रॅमर आहेत. भजनी ठेका आठ मात्रांचा. दोन आवर्तनं म्हणजे सोळा. समेवरून उचल: तिट, कत, गदि, गन, धा. पाच मात्रा झाल्या. एक मात्रा गप्प. पुन्हा तेच पाच, पुन्हा एक गप्प, पुन्हा पाच. बेरीज सतरा येते. जागा तर सोळाचीच होती! ती सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम, आणि तिसरा धा बरोबर तिच्या डोक्यावर पडतो. शेताला सोळा गाळ्यांचं कुंपण घालायचं तर खांब सतरा लागतात, तसंच हे. प्रोग्रॅमर मोजणीतल्या ज्या एकाच्या चुकीपायी रात्री जागतात, तो एक इथं मुद्दाम ठेवलेला असतो, आणि त्याच्यावरच सगळं देऊळ मान हलवतं.

आधी बोल तोंडानं म्हण, मग हातानं वाजव. आणि मग त्यांना कोडं घाल: चौतालात बारा मात्रा, तर तेरा कशा जुळवायच्या? तीन मात्रांचे बोल तीनदा आणि मध्ये दोनदा दोन-दोन मात्रांची विश्रांती. धमारात चौदा मात्रा, तिथं पंधरा कशा? हे त्यांनाच काढू दे. दोन उत्तरं तरी नक्की निघतात, आणि पहिल्या उत्तरावरून ते आपसात भांडायला लागले की तुझी दहा मिनिटं संपलेली असतील. तुझ्या आजोबांनी ही बेरीज कधी कागदावर मांडली नसेल, हे सांगायला विसरू नकोस. त्यांच्या हाताला ती ठाऊक होती.

आता कामाच्या दोन गोष्टी, कारण यात तुझा पचका होऊ शकतो. कॉलचं सॉफ्टवेअर माणसाचा आवाज सोडून बाकी सगळ्याला गोंगाट समजतं. पंखा, कुत्रा, मिक्सर आणि पखवाज त्याच्या लेखी सारखेच. तू जीव ओतून वाजवशील आणि पलीकडं नुसती टकटक ऐकू जाईल, तीही तुटक. झूम असेल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असा पर्याय आहे, तो आधी चालू कर. दुसरं काही वापरत असाल तर गोंगाट कमी करण्याची सोय बंद कर. माइक पखवाजापासून तीन-चार फूट लांब ठेव. आदल्या दिवशी धारवाडच्या मित्राला फोन लावून ऐकवून बघ. आणि सगळ्यांनी ताल धरायचा असेल तर त्यांना आधी म्यूट कर. पुण्यातली टाळी तुझ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पोलंडमधलीला आणखी. आठ जणांच्या टाळ्या एकत्र ऐकू आल्या तर सम कुठं गेली ते पांडुरंगालाच ठाऊक.

सध्या पाऊस असेल तर चामडं ओल धरतं आणि स्वर उतरतो, हे तुला मी सांगायला नको. अर्धा तास आधी गट्टे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकून घे, कॉल सुरू झाल्यावर हातोडी घेऊन बसू नकोस.

एक धोका मात्र तुझ्या धंद्यातला आहे. तिहाईचं गणित सांगितलं की तुला किंवा त्या कीबोर्डवाल्याला नक्की सुचणार, याचं ॲप करू या. ताल निवडा, बोलांची लांबी टाका, तिहाई मिळवा. मला माहीत आहे, कारण आपली प्रोग्रॅमरांची जातच तशी. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स या आपल्या संगणकप्रणालीची खबर दिली तेव्हा, हा आपला नुसता छंद आहे, असं लिहिलं होतं. त्या छंदाचं पुढं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. मग गडी समुद्रात डुबक्या मारायला शिकला, आणि डुबक्यांची नोंद ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून २०११ साली तेही लिहायला बसला. त्याला ते झेपलं, डुबक्याही चालू राहिल्या. मला नाही झेपलं. बेळगावला परत आल्यावर मी दुरुस्त केलेल्या घड्याळांची यादी ठेवायला एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. फोटो, वर्ष, कुठला भाग बदलला, सगळं. आठ महिने त्यात गेले. प्रोग्रॅम छान झाला. त्या आठ महिन्यांत घड्याळ मात्र एकही उघडलं नाही. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवलं. तर ॲप करायचं असेल तर कर, खरं भजनाची संध्याकाळ त्यात घालू नकोस.

आणि तुला हे करायचंच नसेल तर? तोही एक रस्ता आहे. भजन ही तुझ्यापुरती ठेवायची गोष्ट वाटत असेल तर लीडला सरळ सांग, "मला यात बोलायचं नाही, मी ऐकतो." गप्पा सक्तीच्या झाल्या की त्या गप्पा राहत नाहीत, आणि चांगली लीड असेल तर तिला ते कळेल. मात्र 'नथिंग मच' म्हणू नकोस. ते खोटं आहे, आणि ते ऐकून समोरच्याला पुढं काही विचारताच येत नाही.

ऐकायलाही जरा नीट बस. पत्रात तू सगळ्यांच्या छंदांची यादी दिलीस, एकाचाही तपशील दिला नाहीस. त्या पोलंडच्या माणसाला विचार ना, बर्फ पडतं तेव्हा मधमाश्या पेटीत काय करतात? मला स्वतःला जाणून घ्यायचं आहे. आपल्या जांबोटीच्या रानातल्या मधाची गोष्ट त्याला सांग. धारवाडचा मित्र मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव काढणारच. धारवाडी माणूस गाण्याचा विषय निघाला की राहत नाही. काढू दे, मान झुकव, आणि मग हळूच सांग की कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत. पुढचे दोन शुक्रवार तुम्हा दोघांना विषय शोधावा लागणार नाही.

त्याच्या प्रश्नाचं उत्तरही अजून बाकी आहे. कन्नडमध्येच दे.

गिटार आजच कार्टमधून काढून टाक, नाहीतर ती सूट-बिट दाखवून रोज मोह घालत राहील. आणि कणकेचं आईला आदल्या दिवशीच सांगून ठेव. शुक्रवारी साडेचार म्हणजे संध्याकाळच्या चपात्यांची कणीक मळायची वेळ. परातीतला गोळा न विचारता उचललास आणि रात्री दोन चपात्या कमी पडल्या, तर त्यावरचा सल्ला या सदरात मिळत नाही.